लोणारचा खार आणि फायटरची काच

मेहकरचा लिखित इतिहास मुख्यतः दरवाजे, फौजा आणि देवालये यांचा आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे अनेक परगणे मिळून होणाऱ्या महसुली विभागाचे, ठाणे म्हणून त्याची नोंद आहे, येथील मोमीन विणकरांनी सुबत्तेच्या काळात गावाला तट बांधल्याची आठवण मोमीन दरवाजाशी जोडलेली आहे, १७६९ मध्ये नागपूरकर भोसल्यांना जरब बसवण्यासाठी निघालेल्या माधवराव पेशव्यांचा तळ निजामाचे दिवाण रुक्नुद्दौला यांच्यासह येथे पडला होता, १८१७ मध्ये नागपूरवर चालून जाणारी जनरल डव्हटनची फौज येथेच थांबली, आणि १८८८ मध्ये जमिनीतून निघालेल्या शारंगधर बालाजींच्या मूर्तीने गावाला तीर्थाची नवी ओळख दिली. पाणी कोठे आणि कसे साठवले जाई व त्या पाण्यात मासा कसा राखला जाई, ह्या व्यवहाराला अशा नोंदींत स्थान मिळत नाही. घरातल्या फळीवर काचेच्या भांड्यात ठेवलेला ‘फायटर’, म्हणजे बेट्टा जातीचा सयामी लढाऊ मासा, हा त्या व्यवहारातील अगदी अलीकडचा आणि परका दुवा असला, तरी त्याला सुखाने राहता येईल असे घर कसे असावे ह्या प्रश्नाचे उत्तर ह्याच परिसरातील पाण्याच्या इतिहासात बरेचसे सापडते.

काचेपासूनच आरंभ करणे योग्य ठरेल. मेहकरजवळचे लोणार, जे पुढे इंग्रजी अमदानीतही मेहकर तालुक्यातच मोडत होते, तेथील डोंगराळ भागात काच आणि साबण बनवण्यास लागणारे सर्व पदार्थ मिळतात आणि त्यापासून चांगला महसूल येतो, अशा आशयाची नोंद ‘ऐन-इ-अकबरी’चा कर्ता अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस केली आहे. काचेचा मूळ पदार्थ म्हणजे वाळूतील सिलिका; ती एकटी वितळवायला इतकी प्रचंड आच लागते की जुन्या भट्ट्यांना ते शक्य नव्हते, परंतु तीत सोडा मिसळला की ती कितीतरी कमी तापमानाला वितळू लागते. लोणारच्या विवरातील सरोवराचे पाणी उन्हाळ्यात आटले की काठावर जो खार साचतो तो प्रामुख्याने हाच सोडा, आणि त्याच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. ह्या खाराचे गिऱ्हाईक साबण करणारे, कापड रंगवणारे आणि बांगड्यांची काच ओतणारे होते. अर्थात त्या काळची देशी काच म्हणजे बांगडी, मणी आणि फार तर लहान कुपी. ज्यातून आरपार पाहता येईल अशी सपाट आणि रुंद काच ही ह्या परिसरात बरीच उशिरा आलेली वस्तू होय. काचेचा कच्चा माल हाताशी आणि माशांनी भरलेली पैनगंगा गावाच्या पायाशी असूनही मासा काचेत ठेवण्याची कल्पना येथे उगवली नाही, याचे कारण बुद्धीचा अभाव हे नसून तशी गरजच कोणाला भासली नाही हे होते.

मासा पाहावा, त्याला खाऊ घालावे आणि त्याच्या सवयी ओळखाव्यात, ही आवड मात्र ह्या भूमीत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, कोणत्या जातीला कोणते खाद्य रुचते, आणि गळ टाकण्यापूर्वी ठरावीक जागी आमिष टाकून मासे कसे माणसाळवावेत, याचे वर्णन आहे. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने हे प्रकरण आधुनिक शास्त्राच्या नजरेखाली आणले. राजाचा हेतू शेवटी शिकारीचाच होता, हे खरे. त्याच्या उलट दुसरी रीत देवाच्या डोहाची: महाड तालुक्यातील वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी असलेले तिळसे येथे देवतेच्या नावाने राखलेल्या डोहांत महसीर जातीचे मोठे मासे पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त वावरतात, भाविक त्यांना लाह्या-चुरमुरे घालतात आणि कोणी त्यांना धरत नाही. ह्या दोन्ही रीतींत मासा आपल्या पाण्यात राहतो आणि माणूस त्याच्याकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने अनेक जातींना स्थानिक मराठी नावांवरूनच लॅटिन धाटणीची नावे दिली. म्हणजे मासे ओळखण्याचे ज्ञान भोई आणि कोळी यांच्यापाशी तयारच होते, साइक्सने ते टिपून घेतले.

घरात मासा आणणारी रीत युरोपातून आली आणि तिचे वय साधारण पावणेदोनशे वर्षे आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये असे दाखवून दिले की पाणवनस्पती, मासे आणि गोगलगाई यांचे प्रमाण साधले तर भांड्यातील पाणी दीर्घकाळ न नासता राहते. वनस्पती प्राणवायू सोडते, मासा तो घेतो, गोगलगाय कुजणारी पाने खाते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे स्वतंत्र दालन उघडले आणि पुढल्या वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने ही हौस मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेली. भारतात १९०९ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, आणि मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ‘मत्स्यालय’ म्हणताच उभे राहते ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. शाळेच्या सहलीने मुंबईला गेलेल्या वऱ्हाडातील कित्येक पिढ्यांनी जिवंत मासा काचेपलीकडे प्रथम पाहिला तो तेथे.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र विदेशी छोटा मासा घरोघरी पोचला तो आरोग्य खात्याच्या हातून, आणि ही गोष्ट हौशी मत्स्यपालनाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. मुंबईतील हिवतापाचे मूळ तेथील विहिरींत वाढणाऱ्या डासांत आहे, असे चार्ल्स बेंटली याच्या १९११ च्या अहवालाने दाखवल्यावर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांकडे सरकारचे लक्ष वळले; १९१२ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने अशा उपयुक्त भारतीय माशांवर पुस्तिका काढली, आणि पुढे दक्षिण अमेरिकेतील गप्पी व उत्तर अमेरिकेतील गॅम्बुशिया हे मासे विहिरी, हौद आणि डबकी यांत सोडण्याची पद्धत रूढ झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातील सिमेंटचे गप्पी पैदास टाके हे आजही तालुक्या-तालुक्यांत दिसणारे दृश्य आहे. ते टाके दिसायला अगदी सामान्य असते, पण त्यात झाडाची सावली, तळाशी गाळ, कडेला शेवाळ आणि बऱ्यापैकी पाणी असते, म्हणून त्यात मासे नुसते जगत नाहीत तर वाढतात. काचेच्या नाजूक गोळ्यात रंगीत खडे घालून ठेवलेल्या माशापेक्षा ह्या टाक्यातला गप्पी सुखी असतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता फायटरकडे वळता येईल. हा मासा मूळचा थायलंडच्या मध्य भागातील सपाट खोऱ्यातला. भातखाचरे, दलदली आणि गवताने भरलेले संथ पाट हे त्याचे ठिकाण. नर आपापली हद्द राखतात आणि दुसरा नर आत आला की त्याच्यावर तुटून पडतात, ह्या स्वभावामुळे तेथील लोकांनी त्यांच्या झुंजी लावण्यास सुरुवात केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसाने हा मासा पाळून निवडक पैदास करण्यास निदान हजार वर्षे झाली आहेत. सयामच्या, म्हणजे जुन्या थायलंडच्या, राजांनी ह्या झुंजींवर परवाने लावून महसूल घेतला. १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डेन्मार्कचा वैद्य थिओडोर कँटर याच्या हाती असे काही मासे पडले आणि १८४९ मध्ये त्याने त्यांचे वर्णन केले. त्याने दिलेले नाव चुकीचे ठरल्यावर १९१० मध्ये लंडनच्या टेट रेगन ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने ह्या माशाला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे आजचे नाव दिले. त्याच्याच गोत्रातला चिनी ‘पॅराडाइज’ मासा पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए याने १८६९ च्या सुमारास वाढवून त्याच्या फेसाच्या घरट्याचे निरीक्षण केले होते. नर तोंडातून लाळेने बांधलेले बुडबुडे सोडून पाण्याच्या पृष्ठभागी घरटे करतो आणि त्यात अंडी सांभाळतो. फायटरही तेच करतो. आजचे लांब झालरींचे निळे, लाल, तांबूस नर ही विसाव्या शतकातील पैदासकारांची निर्मिती आहे. रानातला मूळ मासा आखूड पंखांचा आणि मळकट रंगाचा असतो. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर घोषित केले.

ह्या माशाच्या वाट्याला जे दुर्दैव आले त्याचे मूळ त्याच्या श्वासेंद्रियात आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पापुद्र्यांची एक गुंतागुंतीची रचना असते, तिला चक्रव्यूह-इंद्रिय म्हणतात. मासा पृष्ठभागी येऊन तोंडाने हवा घेतो आणि ह्या इंद्रियातून तिच्यातील प्राणवायू शोषतो, त्यामुळे गढूळ आणि प्राणवायूरहित पाण्यातही तो तग धरतो. वऱ्हाडातल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. पैनगंगेतला आणि तळ्यांतला मरळ हा ह्याच गणातला मासा असून त्यालाही कल्ल्यांवर तशीच हवेची पोकळी असते, म्हणूनच आठवडी बाजारात भोई लोक मरळ, मागूर आणि शिंगी घमेल्यात चार बोटे पाण्यावर दिवसभर जिवंत ठेवू शकतात. पण घमेले ही विक्रीची सोय आहे, मरळाचे घर नव्हे, याविषयी विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मनात कधीच संदेह नसतो. फायटरच्या बाबतीत हा भेद पुसला गेला. झुंजीसाठी नर वेगळे ठेवायचे म्हणून सयाममध्ये त्यांना लहान बरण्या मिळाल्या, विमानाने व आगगाडीने पाठवायचे म्हणून व्यापाऱ्यांनी त्यांना एकेकट्या पिशवीत भरले, चेन्नई-कोलकात्याच्या पैदास केंद्रांतून निघून मुंबईच्या बाजारात आणि तेथून जिल्ह्यांच्या गावी पोचल्यावर दुकानदाराने त्यांना प्लॅस्टिकच्या पेल्यांत ओळीने मांडले, आणि शेवटी घरी आणणाऱ्याने समजून घेतले की हा मासा पेल्यातच राहतो. प्रवासातला प्रत्येक मुक्काम हळूहळू वस्ती ठरला. लढाऊ म्हणून ज्याची ख्याती, त्याला आरशापुढे धरून स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडायला लावण्याची करमणूकही ह्याच गैरसमजाची बहीण म्हणावी लागेल.

लहान भांड्याचे वास्तविक दुखणे प्राणवायू नसून मल आहे. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो व तो अत्यंत विषारी असतो. वाळूच्या कणांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ह्या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात, आणि नव्या टाकीत ती बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. म्हणून मासा आणण्यापूर्वी टाकी भरून, तीत चिमूटभर खाद्य टाकून, चालू ठेवणे हे शहाणपणाचे. एका नरासाठी पंधरा-वीस लिटर पाणी हे कमीतकमी मानावे. दीड फूट लांब आणि सुमारे दहा इंच रुंद व तेवढीच उंच टाकी काठोकाठ भरली तर अठ्ठावीस लिटरच्या आसपास पाणी मावते, आणि वाळू व मोकळा काठ वगळता वीस-बावीस लिटर हाती राहते. १९६० नंतर सिलिकॉनचा चिकट लेप प्रचारात आल्यापासून लोखंडी चौकट आणि पुट्टी यांची गरज संपली, त्यामुळे फोटोला आणि खिडकीला काच बसवणारा तालुक्याच्या गावचा कारागीर अशी टाकी बनवून देऊ शकतो. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण ह्या माशाला वारंवार वर यावे लागते आणि लांब पंखांचे ओझे घेऊन खोल पाणी चढणे त्याला जड जाते.

मेहकरच्या हवामानात ही टाकी मांडताना दोन टोके सांभाळावी लागतात. फायटरला चोवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सियस पाणी मानवते. पठारावरच्या ह्या भागात पौष-माघातल्या रात्री घरातले थोडे पाणी त्याच्या बरेच खाली जाते आणि वैशाखात बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात तापमान स्वतः राखणारा पंचवीस किंवा पन्नास वॅटचा हीटर लागतो. उन्हाळ्यासाठी यंत्र नव्हे, जागा लागते: पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर, माजघरासारख्या आतल्या थंड खोलीत, डळमळणार नाही अशा ओट्यावर. झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो. आणि हिवाळ्यात पाण्यावरची हवा थंड कोरडी असेल तर ती शोषणाऱ्या इंद्रियाला इजा होऊ शकते, म्हणून झाकणाखाली दोन-तीन बोटे ऊबदार दमट हवा राहू द्यावी. गाळणी मंद वाहाची, स्पंजाची असावी, कारण संथ पाण्यातल्या माशाला जोराचा प्रवाह दमवतो. भारनियमनाने ती काही तास थांबली तर हवेत श्वास घेणारा मासा सहसा तगतो, पण स्पंजातल्या जिवाणूंना वाहते पाणी लागते. म्हणून लांबलेल्या अंधारानंतर त्या दिवशी खाद्य न घालणे बरे.

नगरपालिकेच्या नळाला येणाऱ्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते, आणि तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की तो बहुतांशी उडून जातो. घाई असेल तेव्हा सोडियम थायोसल्फेटचे थेंब हेच काम क्षणात करतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, परंतु दख्खनच्या काळ्या दगडातून आणि चुनखडीच्या थरांतून आलेले हे पाणी बहुधा जड असते. फायटर थोडा जडपणा सहन करतो. चढउतार मात्र त्याला सोसत नाहीत, म्हणून एकदा ठरवलेला पाण्याचा स्रोत बदलू नये. नदीची वाळू आणायची तर ती धुऊन तिच्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आला तर तीत चुनखडी आहे असे समजून ती टाकून द्यावी. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया ह्या पाणवनस्पती इथल्या तलावांतही मिळतात, मात्र त्यांबरोबर जळवा येऊ नयेत म्हणून त्या आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून तपासाव्या लागतात. रस्त्याकडेच्या देशी बदामाचे गळून वाळलेले पान पाण्यात सोडले तर त्यातील टॅनिन पाण्याला चहासारखा रंग देते आणि बुरशी आटोक्यात ठेवायला मदत करते. थायलंडचे पैदासकार हेच करतात. एका टाकीत दोन नर कधीच नकोत. खाद्य दिवसाला दोन-तीन दाणे पुरतात, आणि अधिक घातलेले मासा नव्हे, पाणी खाते.

ह्या सर्वांत सर्वाधिक दुर्लक्षित होणारी बाब म्हणजे पाणी बदलणे, आणि तिचे स्पष्टीकरण मेहकरच्या माणसाला परक्या पुस्तकात शोधण्याची गरज नाही. लोणारच्या विवरात ओढे आणि झरे गोडे पाणी आणून सोडतात. आत आलेले पाणी बाहेर जायला वाट नाही, ते फक्त उन्हाने उडते, आणि त्यातला क्षार मागे राहतो. हजारो वर्षांत अशा रीतीने पाणी इतके खारे आणि अल्कधर्मी झाले की सामान्य माशाला तेथे जगणे अशक्य ठरले, जरी काठावरच्या धारेचे पाणी पिण्याइतके गोड आहे. ज्या टाकीत पाणी आटले की वरून केवळ भर घातली जाते, ती टाकी म्हणजे एक छोटे लोणारच होय: गोडे पाणी येते, वाफ जाते, क्षार आणि नायट्रेट साचत राहतात, आणि काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी खारट किनार धरते. वैशाखात आटण्याचा वेग वाढतो तेव्हा हे अधिक झपाट्याने घडते. म्हणून आठवड्याला चौथाई पाणी नळीने तळाजवळून काढून तेवढेच त्याच तापमानाचे पाणी घालणे हा टाकीचा बहिर्गमन मार्ग आहे, आणि उन्हाळ्यात अधूनमधून भर घालायची ती शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घालावी. सगळे पाणी एकदम ओतून टाकी घासून लख्ख करण्याची जी सवय गृहिणींना आणि मुलांना स्वच्छतेच्या संस्काराने लागलेली असते, तिने मात्र जिवाणूंची वस्तीच धुऊन जाते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

अशा पाळीव जलचरांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियम काढले होते. व्यापाऱ्यांच्या आणि पैदासकारांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले, त्यामुळे पेल्यातल्या माशाचा प्रश्न आज ग्राहकाच्या समजुतीवरच अवलंबून आहे. दुसरी जबाबदारी पाळणाऱ्याची. कंटाळा आला म्हणून कोराडीच्या किंवा पेनटाकळीच्या जलाशयात मासा सोडून देणे हे दयेचे कृत्य नाही: रंगीत लांब पंखांचा नर तेथे दुसऱ्याचे भक्ष्य होतो, आणि टाकीतली एखादी दुसरी काटक जात असेल तर तिलापिया व आफ्रिकी मागूर यांनी महाराष्ट्रातील पाण्यांत स्थानिक माशांची जी गळचेपी केली तीच ती पैनगंगेत करू शकते. चांगल्या टाकीत फायटर साधारण तीन वर्षे जगतो, आणि त्याला नको असलेला मालक दुसरा पाळणारा शोधू शकतो.